मुलींचे तंत्रशिक्षण : शुल्कमाफीच्या पुढचा प्रश्न

व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी घेतला आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तो अमलात आला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास ही सवलत लागू होते. पूर्वी निम्मे शुल्क माफ होत असे. आता उरलेल्या निम्म्याचा भारही शासनाने उचलला आहे. स्त्रीशिक्षणाच्या दिशेने टाकलेले हे पाऊल स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या योजनेचे स्वागत करणे निराळे आणि तिने प्रश्न सुटला असे मानणे निराळे. अभियांत्रिकीच्या वर्गात मुलगी पोहोचते ती शुल्क भरून किंवा शुल्क माफ होऊन. ती तेथे टिकते, शिकते आणि अभियंता होऊन बाहेर पडते ती मात्र अन्य अनेक गोष्टींच्या बळावर. त्या गोष्टींचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही.

हा हिशेब मुंबई-पुण्यात बसून मांडण्यापेक्षा बीड जिल्ह्यातील धारूरसारख्या गावातून मांडणे अधिक उद्‌बोधक ठरेल. बालाघाटच्या डोंगरावर वसलेले हे गाव किल्ल्यासाठी आणि सीताफळांसाठी प्रसिद्ध आहे. या परिसराची तिसरी ओळख मात्र अभिमानाने सांगण्याजोगी नाही. दिवाळी सरली की येथील वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी काही मुले. दहावी-बारावीची परीक्षा नेमकी याच काळात येते. धाकट्या भावंडांचे आणि आजीचे जेवण करून, शेळीला चारा टाकून अभ्यासाला बसणारी मुलगी जेव्हा बारावी विज्ञान शाखेत चांगले गुण मिळवते, तेव्हा तिने तिच्या वयाच्या शहरी मुलीपेक्षा किती अधिक अंतर कापलेले असते, हे गुणपत्रिकेवर कोठेही छापलेले नसते.

कोयत्याचे अर्थकारण

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादम उचल देतो ती या जोडीला. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता समजतात आणि त्याला मागणीही कमी. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये ठरला. दिवसभर राबून जोडीने दोन टन ऊस तोडला, तरी त्यांच्या वाट्याला साडेसातशे रुपयेही येत नाहीत. पण उचलीची रक्कम हंगामापूर्वी एकरकमी हाती पडते आणि दुष्काळी भागातील कर्जबाजारी कुटुंबाला त्या एकरकमी पैशाचे मोल फार असते. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. मुलीचे लग्न केले की तिला एकटी मागे ठेवण्याची काळजी मिटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले आढळले. राज्याचे हेच प्रमाण शंभरांत बावीसच्या आसपास होते. त्यामागे केवळ रूढी नाही, रोकड व्यवहारही आहे.

या व्यवहाराची किंमत कोण मोजते, हेही लपलेले नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या, आणि हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. त्यानंतर नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली असल्याचे निष्पन्न झाले. तंत्रशिक्षणाच्या चर्चेत हे आकडे अप्रस्तुत वाटतील. वस्तुतः ते अत्यंत प्रस्तुत आहेत. धारूरच्या मुलीपुढे अभियांत्रिकी की वाणिज्य असा पर्याय नसतो. अभियांत्रिकी की कोयता, असा असतो. म्हणूनच तिने घेतलेला प्रवेश मध्येच सुटणे ही शैक्षणिक आकडेवारीतील किरकोळ घट नव्हे.

शुल्क हा खर्चाचा एक भाग

अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची किंमत केवळ तिच्यासाठी मोजलेल्या पैशावरून ठरत नाही. तिच्यापायी जे सोडावे लागते, तेही किमतीत धरावे लागते. मुलीला चार वर्षे अभियांत्रिकी शिकवायची, तर कुटुंबाला चार हंगामांची तिची मजुरी सोडावी लागते. तिच्या राहण्या-जेवणाचा खर्च करावा लागतो. पुस्तके, चित्रकलेचे साहित्य, संगणक यांची तजवीज करावी लागते. आणि ज्याला पैशात मोजता येत नाही असा एक धोकाही पत्करावा लागतो : परगावी राहणाऱ्या मुलीविषयी गावात काय बोलले जाईल, हा. शासनाने माफ केलेले शुल्क हा या एकूण किमतीचा एक भाग आहे, आणि पुष्कळ घरांच्या बाबतीत तो सर्वांत मोठा भाग नाही.

धारूरहून अभियांत्रिकी शिकायला जायचे म्हणजे अंबाजोगाई, बीड, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे. मार्च २०२३ पासून एस.टी.च्या प्रवासात स्त्रियांना भाड्यात निम्मी सवलत मिळते, ही मोठीच सोय झाली. पण सकाळी घाट ओलांडून जाणारी गाडी वेळेवर येईल आणि संध्याकाळी प्रयोगशाळा सुटल्यावर परतीची गाडी मिळेल, याची शाश्वती सवलतीच्या तिकिटातून मिळत नाही. तेव्हा वसतिगृहाला पर्याय उरत नाही. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्त्याची योजना आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘प्रगती’ शिष्यवृत्तीतून निवडलेल्या मुलींना वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचे शासनाने २०२१ साली ठरवले. कागदावर योजनांची वाण नाही. अडचण अशी की, प्रत्येक योजनेचा अर्ज निराळा, मुदत निराळी आणि दाखले निराळे. आणि भत्त्याची रक्कम खात्यावर जमा होते तोवर खाणावळीचे तीन-चार महिन्यांचे बिल थकलेले असते. श्रीमंत घरातील मुलगी उशिरा येणाऱ्या शिष्यवृत्तीची वाट पाहू शकते. गरीब घरातील मुलगी उशिरा आलेल्या शिष्यवृत्तीमुळे घरी परतते.

राज्यात या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच शोधले गेले आहे, याचा मात्र विसर पडलेला दिसतो. लातूर, यवतमाळ आणि तासगाव येथे शासनाची महिला तंत्रनिकेतने आहेत आणि त्यांच्या नावातच ‘निवासी’ हा शब्द आहे. राहण्याची सोय ही शिक्षणाला जोडलेली सवलत नसून शिक्षणाचाच भाग आहे, ही दृष्टी त्यामागे होती. महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला जे उभे केले, त्यातही शाळा आणि आश्रय या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. त्यांच्याच संस्थेने १९९१ साली पुण्यात मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले, हा त्या परंपरेचाच विस्तार होय.

प्रवेशानंतरची कसोटी

प्रवेश मिळाला, खोली मिळाली. तरीही निम्मी लढाई बाकी राहते. भारतातील पहिल्या महिला विद्युत अभियंता ए. ललिता यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. अठराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले, तेव्हा कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. अशा स्थितीत त्यांनी मद्रासच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४३ साली पदवी मिळवली. त्यांचे वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते. महाराष्ट्रातील शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेतून स्थापत्य अभियंता झाल्या आणि पुढे पुलांच्या बांधणीची स्वतःची पद्धती त्यांनी पतीच्या साहाय्याने विकसित केली. त्या पुलांच्या क्षेत्रातील नामवंत अभियंता एस. बी. जोशी यांच्या कन्या. या स्त्रियांचे कर्तृत्व त्यामुळे तिळमात्र उणे होत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात येते : दार ठोठावायचे कसे, आत गेल्यावर कोणाला काय विचारायचे आणि पहिल्या सत्रात नापास झाल्यास काय करायचे, हे सांगणारे माणूस त्यांच्या घरातच होते. ऊसतोड कामगाराच्या मुलीच्या घरात असे माणूस नसते. जे काम त्या वडिलांनी केले, ते तिच्यासाठी संस्थेने करायचे आहे. मुलींच्या तंत्रशिक्षणाच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

संस्था ते करतात काय? सुधा मूर्ती हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असताना तेथे त्या एकट्या मुलगी होत्या आणि मुलींसाठी स्वच्छतागृहही नव्हते, असे त्यांनीच लिहिले आहे. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्यासाठी निघालेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी सूचना होती. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पत्र लिहिले आणि नोकरी मिळवली. आज अशी सूचना कोणी छापणार नाही. पण न छापलेल्या सूचना पुष्कळ आहेत. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक दिवेलागणीला बंद होते आणि ग्रंथालय, संगणक कक्ष रात्री उशिरापर्यंत उघडे राहतात. म्हणजे शुल्क तेच असले, तरी महाविद्यालय मुलांना मोठे आणि मुलींना लहान मिळते. कार्यशाळेत भट्टीपाशी मुलगा उभा राहतो आणि वही लिहिण्याचे काम गटातील मुलीकडे येते. यंत्र अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या मुलीला ‘संगणक घे, बसून काम असते’ असा सल्ला प्रवेशाच्या खिडकीवरच मिळतो. यांपैकी एकही गोष्ट नियमांच्या पुस्तकात नाही. म्हणूनच ती नियम बदलून जाणार नाही.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. बारावीपर्यंत विज्ञानाचे स्पष्टीकरण मराठीतून ऐकलेली मुलगी पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यानांपुढे गप्प होते आणि ही गप्प राहण्याची सवय लवकरच ‘कुवत नाही’ या शिक्क्यात बदलते. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून मराठीसह अनेक भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मुभा दिली. तथापि पदवीचा सबंध अभ्यासक्रम मराठीतून शिकवणे आणि पहिल्या सहा महिन्यांत मराठीचा हात देऊन इंग्रजीच्या काठावर नेणे, यांत दुसरा मार्ग ग्रामीण महाविद्यालयांना अधिक झेपणारा आहे. त्यासाठी नवीन अनुदान लागत नाही. अध्यापकाची थोडी जास्त मेहनत लागते.

हे उपाय भाबडेपणाचे नाहीत, याची साक्ष परदेशातही मिळते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ साली शंभरांत सात मुली होत्या. जेन मार्गोलिस आणि अॅलन फिशर यांनी मुली का येत नाहीत आणि आलेल्या का जातात, याचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, मुलींचा आत्मविश्वास आधी ढासळतो आणि गुण मागाहून घसरतात. घरी संगणकाशी खेळून आलेल्या मुलांच्या तुलनेत त्या स्वतःला कमी लेखू लागतात. विद्यापीठाने पूर्वानुभव नसलेल्यांसाठी निराळा आरंभीचा अभ्यासक्रम ठेवला, प्रवेशाच्या वेळी पूर्वानुभवाला दिलेले अवास्तव महत्त्व कमी केले. आणि २००० साली हे प्रमाण शंभरांत बेचाळीसवर गेले. उलट, त्याच देशात संगणकशास्त्राच्या पदवीधरांतील स्त्रियांचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे ३७ टक्के होते, ते पुढे घसरत वीस टक्क्यांच्याही खाली आले. काळ पुढे गेला की मुली आपोआप पुढे जातात, ही समजूत किती फोल आहे, याचा हा पुरावा. प्रगतीला जसे कारण लागते, तसे ती टिकवायलाही कारण लागते.

दोन आक्षेप

मुलींना सवलती देण्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला आक्षेप असा की, मुलगी लग्नानंतर नोकरी सोडते. मग तिच्यावर झालेला सार्वजनिक खर्च आणि तिने अडवलेली जागा वाया जात नाही काय? २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार शहरी भागातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी जेमतेम २८ टक्के कामाच्या बाजारात आहेत, हे खरे. पण अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे काढणाऱ्या आणि शेवटी अभियांत्रिकीशी संबंध नसलेली नोकरी पत्करणाऱ्या मुलग्यांनी जागा वाया घालवली, असे कोणी म्हणत नाही. ज्या फूटपट्टीने मुलग्यांना मोजायचे नाही, तिने मुलींना मोजण्याचा अधिकार कोणाला आहे? शिवाय नोकरी सोडण्याचा निर्णय पुष्कळदा तिचा नसतोच. कारखान्याजवळ पाळणाघर नसणे, रात्रपाळीला वाहन नसणे आणि घरातील कामाची वाटणी न होणे ही कारणे तिच्या पदवीत शोधून सापडणार नाहीत.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या जागांपैकी तीस टक्के जागा मुलींसाठी राखून ठेवलेल्या असतात. आय.आय.टी.मध्ये २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या आणि तोवर शंभरांत दहाच्याही आत असलेले मुलींचे प्रमाण २०२० पर्यंत वीसच्या घरात नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्या जागा कोणाच्या काढून घेतलेल्या नव्हत्या, वाढवलेल्या होत्या. आणि त्यांवर येणाऱ्या मुलींना तीच प्रवेश परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मोसंबीच्या झाडाला पाणी मिळाले म्हणून त्याच्या फळाची प्रत उतरत नाही, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नसावी.

या दोन आक्षेपांपेक्षा गंभीर अशी एक शंका आहे आणि ती सवलतीच्या विरोधकांकडून नव्हे, समर्थकांकडून यायला हवी. राज्यातील अनेक खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षे जागा रिकाम्या राहत आल्या आहेत. मुलींच्या शुल्काची प्रतिपूर्ती आता शासन करणार असल्याने प्रत्येक मुलगी ही अशा महाविद्यालयाच्या दृष्टीने एक भरलेली जागा होय. जेथे अध्यापक पुरेसे नाहीत आणि प्रयोगशाळेतील यंत्रे झाकून ठेवलेली आहेत, तेथे तिला चार वर्षे बसवून निरुपयोगी पदवी हाती देणे, हा उपकार नव्हे. त्यापेक्षा दहावीनंतर चांगल्या शासकीय तंत्रनिकेतनात पदविका घेऊन थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाणे पुष्कळ मुलींना हितावह ठरेल. ‘मुलींनो, तंत्रशिक्षणाकडे वळा’ एवढेच सांगून भागत नाही. कोठे वळावे, हेही सांगितले पाहिजे.

करता येण्याजोगे

सर्वप्रथम, शासनाने हिशेब मागितला पाहिजे. किती मुलींना शुल्कमाफी दिली, हा आकडा दरवर्षी जाहीर होईल आणि त्यावर भाषणेही होतील. त्यासोबत प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींपैकी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात किती पोहोचल्या आणि ज्या पोहोचल्या नाहीत त्या का गेल्या, हे जाहीर करणे बंधनकारक असावे. शिक्षण सोडणाऱ्या मुलीला कारण विचारण्याची पद्धतच आज नाही. ती एका सुट्टीत घरी जाते आणि परतत नाही, इतकेच. दुसरे, निर्वाह भत्ता वर्षाच्या अखेरीस नव्हे, सत्राच्या आरंभी मिळावा आणि सर्व योजनांसाठी एकच अर्ज असावा. तिसरे, पहिले सत्र संपेपर्यंत प्रत्येक ग्रामीण मुलीमागे एक अध्यापक आणि वरच्या वर्गातील एक विद्यार्थिनी नेमलेली असावी. चौथे, वसतिगृहाच्या वेळा ग्रंथालयाच्या वेळांशी जुळवाव्यात आणि सुरक्षिततेची जबाबदारी मुलीला कोंडून नव्हे, रस्त्यावर दिवे व रखवालदार ठेवून पार पाडावी. कायद्याने आवश्यक असलेली अंतर्गत तक्रार समिती केवळ फलकावर न राहता काम करताना दिसावी.

तथापि सर्व भार शासनावर टाकून समाज मोकळा होऊ शकत नाही. धारूरच्या शाळेतील शिक्षकाने अकरावीचा अर्ज भरताना हुशार मुलीला गणित सोडू दिले नाही, तर अभियांत्रिकीचे दार तिच्यासाठी उघडे राहते; ते एकदा बंद झाले की मंत्रालयातील कोणताही निर्णय ते उघडू शकत नाही. तहसील कचेरीतील लिपिकाने उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मुदतीपूर्वी दोन दिवस दिला, तर एका मुलीचे वर्ष वाचते. त्याच्या मेजावरचा तो शंभरावा कागद असेल. तिच्या आयुष्यातील तो एकमेव असतो. कार्यशाळेत हातोडी मुलीच्या हाती देऊन वही स्वतःकडे घेणाऱ्या विद्यार्थ्याचेही मोल कमी नाही. सुधारणेचा इतिहास मोठ्या नावांनी लिहिला जातो. ती अशा लहान कर्तव्यांनी घडते.

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मुली शाळेत येतील काय, एवढाच प्रश्न होता. पावणेदोनशे वर्षांनंतर मुलगी शाळेच्या, महाविद्यालयाच्या आणि आता अभियांत्रिकीच्याही दारात आली आहे. दार शासनाने उघडले. येत्या दिवाळीनंतर धारूरच्या वेशीवरून ऊसतोडीच्या गाड्या पुन्हा निघतील. त्यांपैकी एखाद्या गाडीत, पहिल्या सत्रात एका विषयात अनुत्तीर्ण झाली म्हणून किंवा खाणावळीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून घरी परतलेली मुलगी कोयता घेऊन बसलेली असू नये. शुल्कमाफीच्या यशाची खरी मोजणी तेथे, त्या वेशीवर व्हावयाची आहे.